रुसले ते हिंदीत

झाशीत ई-रिक्षात बसलं की समोरचा माणूस हिंदी बोलणार, फार तर बुंदेली, हे इतकं ठरलेलं असतं की त्या संध्याकाळी "हो गं आई... खाल्लं मी, खाल्लं... ठेवू का?" असं कानावर आलं तेव्हा मी चमकून मान वर केली.

समोर एक मुलगा बसला होता. फोन खिशात टाकून त्यानं मांडीवरचा कागद उचलला आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागला — "इओ सोनो... तू सेइ... लुइ ए..." मी आहे, तू आहेस, तो आहे. छावणीतल्या यज्ञेश्वर सरांच्या इटालियन वर्गाचा पहिला धडा. तोच कागद माझ्या पर्समध्येही होता.

पण मला नवल कागदाचं नव्हतं, मराठीचं होतं. झाशीतली मराठी घरं मला पाठ आहेत. आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि ओरछा गेटच्या गल्लीत राहिले ते राहिलेच. अशी जी काही घरं उरलीत, त्यांतला प्रत्येक चेहरा गणपतीत दिसतो. हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि एकदा पाहून विसरण्यातला तर तो मुळीच नव्हता.

"आपण कोणाकडचे?" मी विचारलं. आमच्याकडे अनोळखी मराठी माणसाला पहिला प्रश्न हाच असतो.

तो गोंधळला, मग हसला. "कोणाकडचा म्हणजे... आईवडिलांकडचा."

"ते कुठं असतात?"

"रेल्वे कॉलनीत. वडील वर्कशॉपमध्ये आहेत. मूळचे आम्ही भुसावळचे. आणखी काही? आधार कार्ड दाखवू?"

"दाखवा. फोटो कसा आलाय ते बघते."

त्यानं खरंच पाकीट काढलं. फोटो वाईट आला होता, सगळ्यांचाच येतो. नाव होतं सुमेध. मी सांगितलं की मी ईशानी, किल्ल्यात गाइड आहे आणि आपण दोघं एकाच वर्गाला चाललोय. रिक्षा छावणीतल्या कडुलिंबांच्या रस्त्याला लागली, ऊन उतरत होतं, आणि स्पीडब्रेकरवर रिक्षा उडाली तेव्हा त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. तो सॉरी म्हणाला. मी पर्समधून माझा कागद काढला आणि उलटाच धरून वाचायला लागले.

घरी आईला सांगितलं तर तिनं पोळी लाटता लाटता एवढंच विचारलं, "रेल्वेवाले का?" आमच्या जुन्या घरांमध्ये रेल्वेवाल्या मराठी माणसांबद्दल एक ठरलेला सूर आहे. माणसं चांगली असतात, आरत्या झोकात म्हणतात, पुरणपोळी आमच्यापेक्षा मऊ करतात. पण बदली झाली किंवा रिटायर झाले की क्वार्टर रिकामं करून निघून जातात, तेव्हा त्यांना जीव लावायचा नाही. मी म्हटलं, जीव कोण लावून राहिलंय, मी तर नुसतं सांगून राहिलेय. लिहिताना मी मराठी नीट लिहिते, पण बोलताना माझी मराठी अशी हिंदीच्या गळ्यात हात टाकून चालते.

यज्ञेश्वर सर कित्येक वर्षं इटलीत होते. आता छावणीतल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात शिकवतात. हिवाळ्यात झाशीशेजारच्या ओरछ्याला इटालियन पाहुण्यांचे गट येतात, म्हणून वर्गात बहुतेक त्याच धंद्यातले लोक: मी, दोन टॅक्सीवाले, एका हॉटेलचे मॅनेजर जयसिंग भैया, आणि ओरछ्यालाच जिच्या वडिलांचं नदीकाठी हॉटेल आहे ती शिवांगी. सुमेधला नोकरी नव्हती. बी.कॉम. झाला होता, परीक्षा देत होता, जमलं तर गाइड व्हायचं त्याच्या मनात होतं.

सरांचे नियम कडक. व्हरांड्यात बसल्यावर इटालियनच बोलायचं, आणि जेवढं शिकवलंय तेवढ्यातच बोलायचं. बसायचं जोडीनं, आणि महिनाभर जोडी बदलायची नाही. सरांनी चिठ्ठ्या काढल्या. माझी जोडी सुमेधशी लागली, आणि मी चेहरा शक्य तेवढा साधा ठेवला.

सरांनी सांगितलं, इटालियनमध्ये प्रत्येक वस्तू एक तर पुरुष, नाही तर बाई. पुस्तक पुरुष, इल लिब्रो. खुर्ची बाई, ला सेदिया. नपुंसकलिंग नाहीच. हिंदीवाल्यांनी माना डोलावल्या, त्यांच्याकडेही तसंच. सुमेध मात्र माझ्याकडे झुकून मराठीत कुजबुजला, "मग आपलं पिल्लू, आपलं गाणं... यांनी कुठं जायचं?"

"पिल्लू मला दे," मी म्हटलं. "गाणं तू ठेव."

नियम मोडला म्हणून सरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांनी 'जवळ असणं' शिकवलं. भूक, तहान, थंडी, भीती, हे सगळं इटालियन माणसाजवळ असतं, खिशात किल्ल्या असाव्यात तसं. ओ फामे, माझ्याजवळ भूक आहे. ओ पाउरा, माझ्याजवळ भीती आहे. सुमेध आणि मी समोरासमोर बसून एकमेकांना विचारायचो, तुझ्याजवळ काय आहे? त्याच्याजवळ आई होती, वडील होते, सायकल होती. "नॉन ओ उन लावोरो," तो म्हणायचा, माझ्याजवळ नोकरी नाही, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघायचा. इतक्या थोड्या शब्दांत माणसाला थापा मारता येत नाहीत. कॉलेजात मुलांनी माझ्यापुढे केवढी लांब लांब वाक्यं टाकली होती, त्यातलं एकही आठवत नाही. याचं चार शब्दांचं वाक्य मी घरी नेऊन रात्रीच्या जेवणात चघळायचे.

वर्ग सुटला की आम्ही मराठीत बोलायचो. चार लोकांत बसूनही दोघंच. टॅक्सीवाल्यांना कळायचं नाही, शिवांगीला कळायचं नाही, रिक्षातल्या कुणालाच कळायचं नाही. दाटीत बसून तो खुशाल मोठ्यानं म्हणायचा, "या काकांनी डोक्याला केवढं तेल लावलंय बघ," आणि मी ओढणी तोंडावर धरून बाहेर बघायचे. झाशीत मराठी म्हणजे घरातली भाषा. आई रागावते ती, आजोबा जेवायला हाक मारतात ती. उंबरठ्याबाहेर ती कुणाशी बोलायला मिळेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. आता ती आमची दोघांची झाली होती... निदान माझी तशी समजूत होती.

रविवारी तो सरावाला किल्ल्यावर यायचा. भूतकाळ अजून शिकवला नव्हता, त्यामुळे आमच्या इटालियनमध्ये राणी जिवंतच होती. "ला रेजिना आबिता क्वी," राणी इथं राहते. राणीकडे घोडा आहे. राणीला मुलगा आहे. राणी घाबरत नाही. बुरुजावर वारा असायचा, खाली सगळं शहर पसरलेलं, आणि हात पसरून एवढं बोलून झालं की तो हळूच मराठीत विचारायचा, "आणि गाइड? ती घाबरते?"

"कशाला?"

"असंच... कुणाला काही सांगायला वगैरे."

"तुझं व्याकरण बघ आधी."

"व्याकरण ठीक आहे. माणूसच घाबरतोय."

माझे कान गरम व्हायचे. मी पुढच्या पाटीकडे चालायला लागायचे आणि तो मागून येतोय की नाही हे मागे न बघता ऐकत राहायचे. येत असायचा.

पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या बदलल्या. सुमेधसमोर शिवांगी आली, आणि माझ्यासमोर जयसिंग भैया.

शिवांगीबद्दल मी न्यायानं लिहायला हवं, पण ते माझ्याच्यानं होणार नाही. ती सुंदर आहे. स्वतःची गाडी चालवत येते, सगळ्या वर्गासाठी तिळगुळाची गजक आणते, हसताना मान मागे टाकते. यातलं एखादं खोटं असतं तर मला केवढं बरं वाटलं असतं. ती मनानंही चांगली आहे, हे तर फारच झालं.

आणि नेमका तोच महिना सरांना 'आवडणं' शिकवायला मिळाला. आमच्या वाट्याला खुर्च्या, पुस्तकं आणि सायकल. यांच्या वाट्याला आवडणं. शेजारून ऐकू यायचं, "ती पियाचे इल ते?" तुला चहा आवडतो का? "सी, मी पियाचे." मग हसणं. तुला नदी आवडते का? तुला चंद्र आवडतो का? चंद्राशी हिचं काय काम आहे, हॉटेल चालवायचंय ना? इकडे जयसिंग भैया मला ओळीनं विचारत होते, बटाटे आवडतात का, वांगी आवडतात का, पनीर आवडतं का. मी सगळ्याला हो म्हणत होते. शेवटी त्यांनी वही मिटली आणि नियम बाजूला ठेवून बुंदेलीत विचारलं, "बिन्नू, तुमाओ ध्यान कितै है?" माझं लक्ष कुठं आहे हे त्यांना दिसतच होतं. विचारायची रीत म्हणून विचारलं.

सरांनी विशेषणं शिकवली तेव्हा प्रत्येकाला स्वतःबद्दल एक सांगायला लावलं. शिवांगी म्हणाली कोन्तेन्ता, आनंदी. सुमेध म्हणाला तिमिदो, लाजरा, आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले स्तांका, थकलेली. खरा शब्द मी आदल्या दिवशीच शब्दकोशात शोधून ठेवला होता — जेलोझा. जळणारी. तो वर्गात कसा सांगणार?

तरी मी स्वतःला समजावत होते. इटालियन काय, उधारीची भाषा. तिच्यात त्याला कुणी चहा विचारला तर बिघडलं कुठं? रिक्षात बसल्यावर तो माझ्याशीच मराठीत बोलतो ना?

दिवाळी झाली. हवेत गारवा आला होता. मी जरा लवकर पोहोचले आणि जिन्याशी चप्पल काढत होते, तेव्हा व्हरांड्यातून शिवांगीचा आवाज आला.

"सुमेध, तू चहा घेणार आहेस का?"

मराठीत. सावकाश, एकेक शब्द जपून, पण सगळं बरोबर. आमच्याकडे मी सरळ 'चहा पिणार का' म्हणते. हिनं 'घेणार' म्हटलं, पुण्याच्या बायकांसारखं. त्यावर सुमेधचा आवाज आला, खूश झालेला, "वा, एकदम मस्त. आता 'साखर किती घालू' म्हण."

मी चप्पल परत पायात घातली. मग पुन्हा काढली, कारण जाणार कुठं? त्यानं तिला फूल दिलं असतं, तिचा हात धरला असता, तरी मला इतकं लागलं नसतं. त्यानं तिला माझी भाषा दिली होती. जी आमच्या दोघांतच होती ती त्यानं गजकसारखी काढून वाटली होती.

मी आत गेले. त्याच्या खुर्चीपाशी त्याची वही पडली होती.

"सुमेधजी," मी म्हणाले, "आपकी कॉपी नीचे गिर गई है।"

तो बघतच राहिला. आमच्याकडे रुसायच्या पुष्कळ तऱ्हा आहेत, पण मराठी माणसाला हिंदीत 'आप' म्हणणं म्हणजे दार लावून आतून कडी घालणं. त्यानं रिक्षात मराठीत विचारलं, काय झालं? मी म्हटलं, जी, कुछ नहीं. दुसऱ्या दिवशी विचारलं, मी काही केलं का? नहीं सुमेधजी, आप क्यों करेंगे. रविवारी तो किल्ल्यावर आला तर मी त्याला बाकीच्या प्रवाशांसारखं हिंदीत राणीमहाल कुठं ते दाखवलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. खरं तर बरंच जास्त वाटलं.

पण रोज घरी येऊन मी मोजायला बसायचे की आज ती किती बोलली. आज तिनं 'पाणी' म्हटलं. आज 'उद्या भेटू' म्हटलं. 'ळ' तिला अजून येत नाही, एवढाच काय तो मला आधार होता.

मग एका संध्याकाळी तो ओरछा गेटच्या आमच्या गल्लीत आला. मी दूध घेऊन परतत होते. तो कोपऱ्यावरच्या शेंगदाणेवाल्याजवळ उभा होता, मफलर गळ्यात, सायकल हातात. मराठी चालत नाही आणि हिंदीत मी फक्त 'जी' म्हणते, हे त्याला कळून चुकलं होतं. त्यानं खोल श्वास घेतला आणि सरळ इटालियनमध्ये सुरुवात केली.

"तू सेइ आराब्याता," तू रागावलेली आहेस. "इओ सोनो स्तूपिदो," मी मूर्ख आहे.

शेंगदाणेवाला भट्टीला वारा घालायचा थांबून बघायला लागला. सुमेध शोधून शोधून बोलत राहिला, मध्ये मध्ये अडत, हातवारे करत. शिवांगीजवळ हॉटेल आहे. हॉटेलात पुण्या-मुंबईचे पुष्कळ पाहुणे. ती मराठी शिकते. माझ्याजवळ नोकरी नाही... मग तो अडला. एवढ्या शब्दांत पुढचं बसेना. तेव्हा मराठीत म्हणाला, "बाबा रिटायर झाले, ईशानी. क्वार्टर सोडायचंय. आईबाबा भुसावळला चाललेत. शिवांगीचे वडील मला फ्रंट डेस्कला घ्यायला तयार आहेत. ती नोकरी घेतली तर मी इथं राहतो. नाही तर मी पण भुसावळ."

दुधाची पिशवी माझ्या हातात गार पडत होती. म्हणजे हा राहणार तो तिच्यामुळे. दिवसभर तिच्यासमोर, तिच्या काउंटरवर, तिला 'साखर किती घालू' शिकवत. आणि ते नको असेल तर तो जाणारच, क्वार्टर रिकामं करून जातात तसा. कारण कळलं म्हणून मत्सर काही कमी होत नाही. उलट त्याला आता पत्ता मिळाला होता.

"तू सांग," तो म्हणाला. "तू नको म्हणालीस तर नाही घेणार."

मला त्याला म्हणायचं होतं, राहा. कुणाच्याही हॉटेलात राहा, चूल फुंक, भांडी घास, पण झाशीत राहा. हे मराठीत म्हणायला गेले असते तर त्या शेंगदाणेवाल्यासमोर मला रडू फुटलं असतं. म्हणून हिंदीत म्हणाले.

"ले लीजिए। इसमें पूछना क्या।"

त्यानं सायकलची घंटा उगाच एकदा वाजवली. मी आणखी काही म्हणेन असं त्याला वाटत असावं. मग म्हणाला, आईला त्यानं सांगून ठेवलंय, तिला भेटायचंय, शनिवारी दुपारच्या गाडीनं निघतायत, तेवढं स्टेशनवर ये. काय सांगितलंय, कुणाबद्दल सांगितलंय, ते मी विचारलं नाही. विचारायला मराठी लागली असती.

शनिवारी मी आईची चांगली शाल पांघरून स्टेशनवर गेले. आणि फलाटावर पहिली कोण दिसली, तर शिवांगी. सामान कॉलनीतून तिच्याच गाडीतून आलं होतं. सुमेधच्या आईची डब्याची पिशवी तिच्या हातात, खांद्याला खांदा लावून दोघी उभ्या. माझ्या डोक्यात पुन्हा सगळं पेटलं. सुमेधनं ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी आली, आणि तो नि त्याचे वडील बॅगा आणि ती पिशवी घेऊन डब्यात घुसले. दारापाशी आम्ही तिघी उरलो.

"नमस्ते आंटीजी," मी म्हणाले. अंगात भिनलेला रुसवा तोंडातून आपोआप बाहेर पडला.

"नमस्ते बेटा," काकू गोड हसून म्हणाल्या.

शिवांगीनं हात जोडले, आठवून आठवून म्हणाली, "नमस्कार काकू. आपला प्रवास सुखाचा होवो."

काकूंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "म्हणजे तूच. मला बघता क्षणीच वाटलं होतं. सुमेध म्हणाला, आई, इथं अशी एक मराठी मुलगी भेटलीय की तिच्याशी बोललं की घरी आल्यासारखं वाटतं."

"हो काकू," शिवांगी म्हणाली. तिला यातलं 'मराठी' आणि 'आई' एवढंच कळलं असणार.

"किल्ल्यात राणीची गोष्ट सांगतेस ना? म्हणाला, ऐकत राहावंसं वाटतं."

"हो काकू."

मी हातभर अंतरावर उभी होते. फलाटावरचा चहावाला ओरडत होता, लोक सामान घेऊन धक्के देत जात होते. किल्ल्यात राणीची गोष्ट मी सांगते. घरी आल्यासारखं त्याला माझ्याशी बोलून वाटतं. इतके दिवस मी ज्या मुलीवर जळत होते ती मुलगी मीच होते, आणि आता काकू माझ्यादेखत माझी जागा दुसऱ्याच मुलीच्या पदरात घालत होत्या.

काकूंनी पर्समधून कुंकवाचा करंडा काढला आणि शिवांगीच्या कपाळाला कुंकू लावलं. कागदात गुंडाळलेली साडी तिच्या हातावर ठेवली. "लग्नाआधी ओटी भरत नाहीत, पण रिकाम्या हातानं कशी जाऊ? तो हट्टी आहे गं. उपाशी राहील पण सांगणार नाही. बघशील ना त्याच्याकडे?"

"हो काकू," शिवांगी म्हणाली, मनापासून.

गाडीनं भोंगा दिला.

"आंटीजी..." मी म्हणाले.

"हां बेटा?"

त्या 'बेटा'नं माझा सगळा हट्ट मोडला. त्या माझ्याशी हिंदीत बोलत होत्या, आणि ते मी माझ्याच हातानं करून ठेवलं होतं. अजून एक क्षण गप्प राहिले असते तर त्या डब्यात चढल्या असत्या आणि भुसावळपर्यंत शिवांगीला सून समजत गेल्या असत्या.

"काकू, ती नाही," मी म्हणाले. "मी. मी आहे ती."

काकूंचा हात करंड्यावर तसाच राहिला. "तू मराठी आहेस?"

"ओरछा गेटची. किती पिढ्यांची ते आम्हालाच मालूम नाही."

"मग आंटीजी काय म्हणालीस?"

"रागात होते."

"कुणावर?"

"तुमच्या मुलावर. तो हिला मराठी शिकवून राहिला होता, म्हणून मी जळून राहिले होते. अजूनही जळतेच आहे." आता थांबणं शक्य नव्हतं. "पण मला तो पाहिजे, काकू. हिच्या हॉटेलात करू दे नोकरी, मी जळेन आणि राहीन. त्याला इथं ठेवून जा. माझ्यापाशी ठेवून जा."

काकूंच्या मागे, डब्याच्या दारात, सुमेध उभा होता. कधीपासून, ते त्यालाच माहीत. त्यानं एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

गाडी हलली. त्यानं आईला हात देऊन वर घेतलं आणि स्वतः खाली उडी मारली. काकू दारातून वाकल्या, अंगठा करंड्यात बुडवला आणि चालत्या गाडीतून माझ्या कपाळाला टेकवला. तो नीट बसला नाही, भुवईपासून नाकापर्यंत ओघळ आला. "बोलताना 'राहिले राहिले' करते," त्या मागे वळून कुणाला तरी, बहुधा सुमेधच्या बाबांना, सांगत होत्या, "पण बोलते हो, अगदी मनातलं बोलते."

गाडी गेली. शिवांगीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या पुडक्याकडे. मग तिला सगळं उलगडलं आणि ती मान मागे टाकून हसत सुटली. म्हणाली, मैं तो बस हो काकू, हो काकू करती जा रही थी, मुझे क्या पता क्या-क्या मान लिया. मग तिनं मला मिठी मारली, साडी माझ्या हातात दिली आणि गाडी काढते म्हणून पुढे निघून गेली.

सुमेध माझ्यासमोर उभा राहिला. त्यानं रुमाल काढून माझ्या नाकावरचं कुंकू पुसलं, कपाळावरचं तसंच ठेवलं.

"काय म्हणालीस आईला?"

"ऐकलंस तू."

"गाडीचा आवाज होता. परत म्हण."

"तुझ्यासमोर नाही म्हणणार."

"मग मी म्हणतो," तो म्हणाला, आणि गर्दीत माझ्या कानाशी वाकून त्यानं जे म्हटलं ते मी इथं लिहिणार नाही. ते मराठीत होतं आणि त्यात एकही चूक नव्हती.

घरी येऊन मी पुडकं उघडलं. साडी जांभळी आहे, हिरव्या काठांची, हात लावला तर सुळकन घसरते. आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि रेल्वेवाल्यांबद्दल काहीही बोलली नाही. फारच सुंदर साडी आहे. पण आधी ती शिवांगीच्या हातावर पडली, आणि कुंकूही आधी तिलाच लागलं. हे मी सुमेधला जन्मभर ऐकवणार आहे.